भर उन्हाळ्यातील कोशिंबीर

वैशाख लागला की चुलीपुढे बसवत नाही. सकाळी नऊ वाजताच डोक्यावरचा पत्रा तापतो. भाकरी थापता थापता बाईचा जीव घाबरा होतो. आता पुष्कळ घरी गॅस आला आहे. पण स्वयंपाकाची खोली तीच आणि पत्राही तोच. पोरे म्हणतात, "जेवण नको, पाणी दे." म्हातारी माणसे ताकाबरोबर दोन घास ढकलतात आणि आडवी होतात. उसाला पाणी धरणारा गडी दुपारी भाकरी-चटणी खातो आणि वर चहा पितो.

असे दोन महिने चालते. मग मृग निघतो, पेरणीची घाई येते आणि अंगात जोर नसतो. आपण म्हणतो, उन्हाळा बाधला. उन्हाळा बाधतो हे खरे आहे. पण निम्मे दुखणे ताटातले असते. ताटात पोट भरणारे पदार्थ असतात, अंग भरणारे नसतात.

या धड्यात आपण एक कोशिंबीर शिकणार आहोत. तिला चुलीपुढे फार बसावे लागत नाही. ती दोन तऱ्हांनी होते. एक तऱ्हा मासे खाणाऱ्या घरांसाठी, दुसरी माळकरी घरांसाठी. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आपल्या लोणी काळभोरला असतो. इथे माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्यांना विसरून कसे चालेल?

ही कोशिंबीर आम्हांला सुचली ती एका परदेशी डब्यावरून. ती हकिकत आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची भाची दुबईहून आली. ती तिकडे नोकरी करते. घरात सगळे उन्हाने दमलेले. ती म्हणाली, "मामा, आज चूल पेटवायची नाही. दहा मिनिटांत जेवायला देते." तिने पिशवीतून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. कडी ओढली तसे झाकण निघाले. आत शिजलेला मासा होता. काटा नाही, खवला नाही. तिने त्यातले तेल निथळले, मासा हाताने कुस्करला. त्यात कांदा, काकडी आणि टोमॅटो बारीक चिरून घातले. सकाळचे उकडलेले हरभरे घातले. लिंबू पिळले, मिरपूड भुरभुरली आणि पोळीबरोबर वाढले. तिकडे पुष्कळ लोक त्यात अंडे आणि तेल घुसळून केलेली पांढरी चटणी घालतात म्हणे. तिला मेयोनीज म्हणतात. भाची म्हणाली, "उन्हात ती घरी केलेली टिकत नाही, म्हणून मी आपले लिंबूच घालते."

आम्ही खाल्ले. चांगले लागले. पोटाला जड झाले नाही आणि संध्याकाळपर्यंत भूकही लागली नाही.

त्या माशाला इंग्रजीत टूना म्हणतात. आपल्या मराठीत त्याला नाव नाही असे समजू नका. कोकणातले कोळी त्याला कुपा म्हणतात. काही ठिकाणी गेदर असेही म्हणतात. हा मोठा आणि फार वेगाने पोहणारा समुद्रातला मासा आहे. त्याचे मांस लालसर असते. मासा डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि मग डब्यासकट खूप तापवतात. आतले रोगजंतू मरतात आणि नवे आत शिरू शकत नाहीत. म्हणून डबा वर्ष-दोन वर्षे टिकतो. अन्न असे बंद करून तापवून टिकवण्याची युक्ती फ्रान्स देशातल्या निकोला अपेर नावाच्या माणसाने काढली. त्याने 1810 साली ती छापून प्रसिद्ध केली. तो धंद्याने मिठाई करणारा होता. रोगजंतू म्हणजे काय हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, त्यालाही नाही.

त्या संध्याकाळी वर्गात आम्ही ही गोष्ट फळ्यावर लिहिली आणि वाचायला दिली. वाचून झाल्यावर एका बाईंनी विचारले, "गुर्जी, त्यो डबा केवढ्याला?"

आम्ही किंमत सांगितली. सगळ्या हसल्या.

"एवढ्यात आमची आठवड्याची डाळ येतीया," त्या म्हणाल्या. "आन् आमच्या घरात सुकट हाय की. तिची न्हाई का व्हनार?"

आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. पण हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. तो त्यांच्या डोक्यात आला. पुढचा सगळा धडा त्या प्रश्नाचा आहे.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. शास्त्राच्या पुस्तकात जवळा हा मासा नव्हे. तो कोळंबीच्या कुळातला बारीक जीव आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तो जाळ्यात सापडतो आणि उन्हात वाळवतात. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवतात. सुकट मात्र खाली पसरून वाळवतात, म्हणून तिच्यात वाळू येते. वाळली की ती घाट चढून आपल्या आठवडे बाजारात येते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधी मे महिन्यात बाया तिची बेगमी करतात. गोव्यातही सुक्या सुंगटांची अशीच कोशिंबीर करतात. तिला किसमूर म्हणतात. तीत ओले खोबरे आणि कांदा घालतात. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाईंनी विचारलेली गोष्ट किनाऱ्यावरच्या बाया कधीपासून करीतच आहेत.

आता थोडा हिशेब करू. हिशेब वहीत मांडा.

आपल्या अंगाची झीज भरून काढणारा जो अन्नाचा भाग असतो त्याला प्रथिन म्हणतात. मुलांची वाढ त्यानेच होते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 45 ते 55 ग्रॅम प्रथिन लागते. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना त्याहून जास्त लागते. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने आपल्या देशातल्या शेकडो पदार्थांची तपासणी करून कोष्टके केली आहेत.

ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिन असते. काकडीत नावालाच असते. मटकीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम असते. शेंगदाण्यात 25. डब्यातल्या कुप्यात निथळल्यावर तेवढेच, 25 च्या आसपास. आणि सुकटीत? सुमारे 60 ग्रॅम!

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात गलका झाला. एक बाप्या म्हणाला, "म्हंजी आमची सुकट भाचीच्या डब्याला भारी?" आम्ही म्हणालो, थांबा. डब्यातल्या माशात पाणी आहे, सुकटीतले पाणी उन्हाने नेले आहे. सुकट हलकी असते. ती कोणी 100 ग्रॅम खात नाही. पाच माणसांच्या कोशिंबिरीला 50 ग्रॅम पुरते. 100 मध्ये 60, तर 50 मध्ये 30. तीस भागिले पाच म्हणजे माणशी 6 ग्रॅम. एका अंड्यात जवळजवळ एवढेच असते. म्हणजे सुकटीची कोशिंबीर वाढली तर प्रत्येकाच्या ताटात एक अंडे पडले असे समजा. शिवाय जवळा सालासकट खाल्ला जातो. त्यातून हाडांना लागणारा चुनाही मिळतो.

आता कृती.

सुकट घेताना हातात घेऊन बघा. कुडकुडीत असावी. मूठ दाबली तर मोडावी. ओलसर, चिकट किंवा बुरशीचा पांढरा तंतू दिसणारी घेऊ नका, फुकट दिली तरी घेऊ नका. वास समुद्राचा असावा. नाकात झिणझिणी आणणारा असेल तर ती खराब आहे.

50 ग्रॅम सुकट सुपात पाखडा. काडीकचरा, कवचे, इतर मासळीचे तुकडे निवडून टाका. मग तव्यावर मंद आचेवर कोरडी भाजा. चार-पाच मिनिटे लागतात. रंग बदलून खमंग वास आला की उतरवा. आपल्याला लागणारा जाळ एवढाच. मग चाळणीत घालून चोळा. वाळू खाली पडेल. वाळू फारच असेल तर भाजण्याआधी एकदा पाण्यातून काढा, पिळा आणि मग भाजा. भाजायला वेळ जास्त लागेल, पण दाताखाली कचकच लागणार नाही. नवऱ्याने ताट सरकवण्यापेक्षा ते बरे.

दोन मोठे कांदे बारीक चिरा. एक काकडी सोलून चोचवा. चोचवणे म्हणजे विळीवर उभे-आडवे घाव घालून बारीक तुकडे करणे. तरण्या मुलींना हा शब्द सांगावा लागला, म्हणून इथेही सांगितला. एक कैरी मिळाली तर किसा, नाहीतर लिंबू घ्या. दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर चिरा. दोन मुठी शेंगदाण्याचा कूट घ्या. सगळे परातीत कालवा. सुकट अगदी शेवटी, ताटे मांडल्यावर घाला. आधी घातली तर ती मऊ पडते. मीठ घालण्यापूर्वी चाखा, कारण काही सुकट मुळातच खारट असते. ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे त्याच्या वाट्याला वरून मीठ घालू नका. कोळंबी खाऊन ज्याच्या अंगावर गांधी उठतात त्याला सुकट देऊ नका. तीही कोळंबीच.

गरम भाकरीबरोबर ही कोशिंबीर छान लागते. शिळ्या भाकरीबरोबर त्याहून छान लागते, हे आमचे स्वतःचे मत आहे.

आता माळकऱ्यांची तऱ्हा. हिच्यात मुख्य वस्तू मोड आलेली मटकी.

एक मोठी वाटी, म्हणजे साधारण 150 ग्रॅम मटकी रात्री निवडून भिजत घाला. सकाळी उपसा. स्वच्छ पाण्याने धुऊन फडक्यात बांधा आणि सावलीत टांगा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळी, मोड येतात. मधून दोनदा पुरचुंडीवर स्वच्छ पाणी घाला आणि निथळू द्या. मोड बारीक असतानाच वापरा. बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला तर बैलांना घाला.

मोड आणायचे कशाला? नुसती उसळ का नाही? याचे उत्तर एका लढाईत आहे.

पहिल्या महायुद्धात, 1915 च्या डिसेंबरात, तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला कूट नावाच्या गावी वेढले. हे गाव आजच्या इराक देशात तैग्रिस नदीकाठी आहे. त्या फौजेत हिंदी शिपाई पुष्कळ होते आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. ताजी भाजी नाही, फळ नाही. शिपाई घोड्याचे मांस खायला कचरले, धर्म आडवा आला. पीठ आणि थोडी डाळ यांवर दिवस काढले. शेकडो हिंदी शिपायांना स्कर्व्ही नावाचा रोग झाला. हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस खंगतो. अखेर 1916 च्या 29 एप्रिलला फौज शरण गेली.

स्कर्व्ही हा रोग क जीवनसत्त्व न मिळाल्याने होतो. लिंबू, आवळा, पेरू, ताजी भाजी यांत ते असते. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसते. पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की त्यात ते तयार होते! लंडनमध्ये हॅरिएट चिक आणि एलेन डेल्फ या दोन बायांनी जनावरांवर प्रयोग करून हे 1919 साली सिद्ध करून दाखवले. युद्धामुळेच हा विषय हाती घेतला गेला. आपल्या आज्या मोड आणीत होत्याच. का आणतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कूटच्या शिपायांकडे त्याच आज्यांची रीत असती आणि वेळेवर मटकी असती, तर काही जण तरी वाचते असे आम्हांला वाटते. हे आमचे वाटणे आहे, इतिहास नव्हे.

या जीवनसत्त्वाचा दुसराही एक उपयोग आहे. कडधान्यातले आणि पालेभाजीतले लोह आपल्या रक्तात सहज शिरत नाही. सोबत लिंबू असेल तर ते जास्त शिरते. जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी शिरते. आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमी, हे दवाखान्यात गेल्यावर दर वेळी ऐकायला मिळते. लिंबू पिळा आणि चहा तासभर पुढे ढकला, एवढे तरी आपल्या हातात आहे. हे वाचून दाखवले तेव्हा बाप्ये गप्प बसले. चहा मागणारे तेच.

मोड आलेली मटकी चाळणीवर ठेवून पाच मिनिटे वाफवा. पूर्वी आम्ही कच्चीच घाला म्हणून सांगत होतो. ते चुकीचे होते. ज्या ओल्या उबेत मोड फुटतो त्याच उबेत रोगजंतूही वाढतात. वाफेने थोडे जीवनसत्त्व जाते, पण वरून लिंबू पिळले की भर निघते. लहान मुले, पोटुशा बाया आणि म्हातारी माणसे यांना तर कच्चे मोड देऊच नयेत. वाफवलेली मटकी गार झाली की तीत कांदा, काकडी, कैरी, मिरची, कोथिंबीर आणि दोन मुठी शेंगदाण्याचा कूट घाला. ज्या घरात कांदा चालत नाही तिथे गाजर किंवा कोवळा मुळा किसून घाला. वरून जिरे-हिंगाची चमचाभर तेलाची फोडणी दिली तर खमंगपणा येतो. हिशेब पुन्हा करा: मटकीतून 33 ग्रॅम, 50 ग्रॅम शेंगदाण्यातून 12. एकूण 45. पाच माणसांत माणशी 9 ग्रॅम. ही तऱ्हा सुकटीपेक्षा कमी नाही. आणि सुकटीच्या कोशिंबिरीतही कूट आहेच, तो आपण मघाशी मोजला नव्हता. मोजून बघा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगणे आम्हांला जड जाते. पण ती सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही.

वर्गात कोशिंबीर झाली, सगळ्यांनी वाखाणली. आम्हांला हुरूप आला. पुढे पंधरा दिवसांनी आमच्या घरी दुपारी मटकीची कोशिंबीर केली, कच्च्या मोडांची. वर दही घातले होते. पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. पातेलेभर उरली. झाकून ओट्यावर ठेवली. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "ही टाकून देते. दुपारपासून बाहेर आहे."

आम्ही तिला थांबवले. चाळीस वर्षे शाळेत मुलांना सांगितले, अन्न टाकू नका. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही लहान होतो. आई खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन आम्ही ते वर्ष काढले. तेव्हापासून ताटात शीत राहिले तरी आमचा जीव खालीवर होतो. आम्ही वास घेतला. वास ठीक होता. चव घेतली. थोडी आंबट लागली, पण दही आंबटच असते. आम्ही ती जेवलो आणि मांडीवर बसलेल्या नातवालाही दोन घास भरवले. नातू अडीच वर्षांचा होता. सूनबाई काही बोलली नाही. सासऱ्यापुढे काय बोलणार?

रात्री एक वाजता पोराला उलटी झाली. मग जुलाब. पहाटेपर्यंत सात वेळा. डोळे खोल गेले. रडताना डोळ्यांतून पाणी येईना. मोटारसायकलवर मध्ये धरून सोलापूर रस्त्याने त्याला इस्पितळात नेले. तीन दिवस सलाईन लागले. आम्हांलाही जुलाब झाले, पण आमचे कोणी विचारले नाही आणि ते बरोबरच होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळे विचारून घेतले. कोथिंबीर कुठली, तेही विचारले. कोथिंबीर नदीकाठच्या मळ्यातली होती. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेत येते आणि तेच पाणी आपल्या काठाला लागते. डॉक्टर म्हणाले, "कारण एकच सांगता येत नाही. कोथिंबिरीवर असेल, कच्च्या मोडांत असेल. पण दुपारी जे थोडे होते ते संध्याकाळपर्यंत लाखोंनी वाढले. वास आणि चव यांनी ते कळत नाही, गुरुजी."

वास आणि चव यांनी कळत नाही, हे आम्ही मॅट्रिकला आरोग्यशास्त्रात वाचले होते. परीक्षेत लिहिलेही असेल.

म्हणून आता पुढचे नियम सावकाश वाचा. अडले तर पुन्हा वाचा.

कच्चे खायचे ते पिण्याच्या पाण्याने धुवा. नदीच्या किंवा पाटाच्या पाण्याने धुतलेले धुतले असे समजू नका. कोथिंबीर जुडीसकट बुडवून भागत नाही. दोरा सोडा, मुळे कापा आणि तीन वेळा पाणी बदला. काकडी, गाजर, मुळा सोलून घ्या. ज्या विळीवर मटण-मासळी कापली तीच तशीच काकडीला घेऊ नका. हात साबणाने धुवा. कोशिंबीर हातानेच कालवायची असते.

कालवलेली कोशिंबीर दोन तासांत संपवा. अंग भाजणारे ऊन असेल तर एका तासात. दही घातले असेल तर वाट बघू नका. फ्रीज असेल आणि वीज असेल तर लगेच आत ठेवली तरच रात्रीला चालेल. आपल्याकडे वीज कधी जाते हे तुम्हांला ठाऊक आहे. भाचीच्या डब्यालाही हाच नियम आहे. डबा फोडला की तो ताज्या माशासारखाच. उलट कुपा आणि बांगडा यांसारखे ताजे मासे उन्हात राहिले तर त्यांत असे विष तयार होते की ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते.

मग रानात न्यायची कशी? कालवून नेऊच नका. भाजलेली सुकट कोरड्या डब्यात न्या. कूट, मीठ आणि तिखट कागदाच्या पुडीत न्या. कांदा अख्खा, लिंबू अख्खे, काकडी अख्खी. बांधावर बसल्यावर हात धुवा, बुक्कीने कांदा फोडा, लिंबू पिळा आणि तिथेच कालवा. ही युक्ती आमची नाही. कालव्याकडेला खुरपायला जाणाऱ्या बायांनी ती वर्गात सांगितली. कोरडी वस्तू उन्हात बिघडत नाही, ओली केली की घड्याळ सुरू होते, हे त्यांना आमच्याआधी उमगले.

आणि इतके करूनही पोराला जुलाब लागलेच तर? एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या छावणीत निर्वासितांमध्ये पटकी पसरली होती. सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून पाजले आणि पुष्कळ जीव वाचवले. दुकानात आणि सरकारी दवाखान्यात त्याची तयार पुडीही मिळते. पण डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसले किंवा पोर मलूल पडले तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा. आम्ही पहाटेची वाट बघितली. ती बघायला नको होती.

आपल्या पूर्वेला उरुळी कांचन आहे. 1946 साली महात्मा गांधी तिथे राहिले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. कच्च्या भाज्या आणि फळे यांना त्या उपचारात मोठा मान आहे. तिथे जाऊन आलेले आपल्यातले काही लोक म्हणतात, चूल बंदच करा, सगळे कच्चे खा. आम्ही तिथवर जात नाही. घरात दूधपिते पोर असेल, पाणी कुठले आहे हे माहीत नसेल, तर पाच मिनिटांची वाफ सोडू नये.

नातू आता सहा वर्षांचा आहे. गेल्या वैशाखात तो पानावर बसला आणि म्हणाला, "आजोबा, मला पण कोशिंबीर." आम्ही सूनबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "आत्ताच कालवलीय, द्या." मग आम्ही दिली. उरलेली तिने आमच्यासमोर उचलली आणि म्हशीच्या पाटीत टाकली. आम्ही पेपर वाचत बसलो.

ज्या बाईंनी सुकटीचे विचारले होते, त्यांनी ही सगळी कृती स्वतःच्या हाताने वहीच्या पानावर लिहिली. त्यांनी लिहिलेले हे पहिलेच आखखे पान. अक्षरे मोठी आहेत, ओळी वर चढत जातात. "सूकट" असे लिहिले आहे. ते पान त्यांनी आपल्या धाकट्या जावेला फुरसुंगीला पाठवले. जावेला वाचता येत नाही. तिच्या मुलीने ते वाचून दाखवले आणि उलट निरोप आला, कैरीचा मोसम संपल्यावर काय घालायचे? आम्ही सांगितले होते लिंबू. बाईंनी चिंचेचा कोळ कळवला.